जन्म गोव्यात, पण कागद कुणाचे? बेकायदा राहणाऱ्यांच्या मुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकिली सुरू केली तेव्हा नागरिकत्वाचं प्रकरण वर्षा-दोन वर्षांतून एखादं यायचं. हल्ली आठवड्याला दोन-तीन फोन ठरलेले. खोली भाड्याने दिलेला घरमालक, शाळेची मुख्याध्यापिका, घरात रशियन सून आलेली सासू, कुवेतहून बोलणारा कुणाचा तरी भाऊ, पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करून बसलेले काका, असे सगळ्या तऱ्हेचे लोक विचारतात. दुसऱ्याच्या मुलाबद्दल विचारताना आवाज चढलेला असतो. स्वतःच्या नातवाबद्दल विचारताना तोच आवाज खाली येतो. कायदा दोघांना एकच आहे.

तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तो क्रमांक दिला आहे. हे वाचून स्वतःच्या प्रकरणाचा निकाल लावू नका. यात एका तारखेने उत्तर उलटं होतं.

१. मूल गोव्यात जन्मलं म्हणजे ते आपोआप भारतीय, बरोबर ना?

आज जन्मणाऱ्या मुलाबाबत बरोबर नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ३ मध्ये जन्मतारखेप्रमाणे तीन खण पडतात.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक. आईवडील कुठले, त्यांच्याकडे व्हिसा होता का, हे कायदा तिथे विचारतच नाही. परकीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं असे मोजके अपवाद आहेत, ते सोडून द्या. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळातल्या जन्मासाठी आई किंवा वडील, कुणी एक भारतीय असलं की पुरे. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र दोघे भारतीय हवेत, नाहीतर एक भारतीय आणि दुसरा मुलाच्या जन्माच्या वेळी 'बेकायदा स्थलांतरित' नसलेला हवा.

मतदारयादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात (एसआयआर) जन्मतारखेचे जे तीन गट दिसले, ते याच कलमावरून आलेले. तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावाला वेगळा नियम लागू शकतो.

गोव्यापुरता आणखी एक खण आहे, मुक्तीच्या आधी जन्मलेल्यांचा. तो प्रश्न १३ मध्ये.

२. 'बेकायदा स्थलांतरित' नेमकं कुणाला म्हणायचं?

जो परदेशी माणूस वैध पासपोर्ट किंवा प्रवासाच्या कागदांशिवाय भारतात शिरला तो, आणि जो रीतसर कागदांवर आला पण मुदत संपल्यावरही राहिला तोही. लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त पहिला येतो, रात्री कुंपण ओलांडणारा. गोव्यात दुसरा जास्त भेटतो. विमानाने आला, व्हिसावर शिक्का पडला, हरमलला खोली घेतली आणि मुदत कधी संपली ते त्यालाही कळलं नाही. कायद्याच्या भाषेत दोघे एकाच रांगेत.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ लागू आहे. त्याने १९४६ च्या फॉरेनर्स ॲक्टसह चार जुने कायदे मोडीत काढले. वैध पासपोर्ट-व्हिसाविना शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुदतीबाहेर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागद वापरले तर कैद किमान दोन वर्षं, कमाल सात, आणि वर दंड. आपण परदेशी नाही हे दाखवण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच असतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. भाषा हा पुरावा नव्हे. मुर्शिदाबाद किंवा मालदाहून आलेला गवंडी बांगला बोलतो म्हणून तो बांगलादेशी ठरत नाही, जसे कारवारचे कोकणी बोलणारे लोक गोंयकार ठरत नाहीत.

३. पंचायतीने जन्मदाखला दिला. आता नागरिकत्व पक्कं झालं ना?

नाही. जन्मदाखला एवढंच सांगतो की अमुक दिवशी अमुक ठिकाणी हे मूल जन्मलं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी हा दाखला शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे, त्यामुळे त्याचं वजन वाढलंय. पण तारीख आणि ठिकाण यापलीकडे तो बोलत नाही. आधारचंही तेच. आधार कायद्यातच लिहिलंय की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. मामलेदारांचा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखलासुद्धा वास्तव्याचा दाखला आहे, नागरिकत्वाचा नव्हे.

तरीही जन्मदाखला सोडू नका. पुढे भारताकडे अर्ज करायचा असो की आईच्या देशाच्या वकिलातीत, सगळं त्या एका कागदावर उभं राहतं.

४. व्हिसा संपलेल्या बाईचं बाळंतपण गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) झालं तर नोंद होते का? पोलिसांना कळतं का?

दोन्हीचं उत्तर होय.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ भारतात होणाऱ्या प्रत्येक जन्माला लागू आहे. इस्पितळात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी इस्पितळाची, घरी झाला तर घरच्यांची, आणि मुदत २१ दिवस. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अर्जात आईवडिलांचा आधार क्रमांक विचारतात, पण असला तर. नसल्यामुळे नोंद अडवता येत नाही. उशीर झाला तर दार बंद होत नाही, फक्त पायऱ्या वाढतात. तीस दिवसांनंतर जिल्हा निबंधकांची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

दुसरी बाजू लपवून उपयोग नाही. नव्या कायद्याप्रमाणे इस्पितळांनी दाखल झालेल्या परदेशी रुग्णांची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. म्हणून काही बायका इस्पितळ टाळतात आणि भाड्याच्या खोलीत बाळंत होतात. असं एक प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मूल अडीच वर्षांचं होतं आणि जगात ते कुठेच नोंदलेलं नव्हतं. त्या मुलाचे जन्माचे साक्षीदार शोधताना आमचे सहा महिने गेले. व्हिसाचा गुन्हा आईचा आहे आणि त्यावर दंड भरून किंवा परतीची परवानगी घेऊन मार्ग निघतो. नोंदच नसलेल्या मुलाला तो मार्गही नसतो.

५. मग अशी मुलं कुठल्याच देशाची नाहीत?

बहुतेकांना देश असतो, फक्त तो भारत नसतो. रशिया, नेपाळ, इस्रायल, नायजेरिया हे देश आईवडिलांच्या नागरिकत्वावरून मुलाला नागरिक मानतात, प्रत्येकाचे बारकावे निराळे. काम उरतं ते वकिलातीत जाऊन मुलाची नोंद करण्याचं, आणि नेमकं तेच आईवडील टाळतात, कारण स्वतःचा पासपोर्ट संपलेला असतो.

खरी अडचण निर्वासितांच्या मुलांची. रोहिंग्यांना त्यांचाच देश नागरिक मानत नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि राज्यविहीन लोकांसाठीचे १९५४ आणि १९६१ चे करारही स्वीकारलेले नाहीत. बालहक्क करार मात्र डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला, आणि त्यात प्रत्येक मुलाला नाव, नोंद आणि राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे. हक्क कागदावर आहे, तो अर्जाच्या नमुन्यात उतरलेला नाही.

६. शाळा म्हणते आधार आणा, नाहीतर प्रवेश नाही. आईवडिलांकडे व्हिसा नसेल तर मुलाने शिकायचंच नाही का?

शिकायचं. घटनेच्या कलम २१-अ मध्ये सहा ते चौदा वयाच्या 'सर्व मुलांना' असे शब्द आहेत, 'नागरिकांना' असे नाहीत. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्यातही 'प्रत्येक मूल' असंच आहे. त्याच कायद्यात वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असंही स्पष्ट लिहिलंय. घटनेने काही हक्क फक्त नागरिकांना दिले, बोलण्याचं, फिरण्याचं, धंद्याचं स्वातंत्र्य हे त्यातले. जगण्याचा हक्क आणि कायद्यापुढची समानता मात्र 'व्यक्तीं'ना दिली. घटना लिहिणाऱ्यांनी हे दोन शब्द चुकून अदलाबदल केलेले नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रोहिंग्या मुलांच्या शाळाप्रवेशाचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्यायालयाने सांगितलं की मुलांनी आधी सरकारी शाळेकडे जावं आणि नकार मिळाला तर उच्च न्यायालयात यावं. दिल्लीतलं प्रकरण असलं तरी दिशा सगळ्यांना कळण्यासारखी आहे.

व्यवहारात काय होतं? मुख्याध्यापिका वाईट नसतात, ऑनलाइन अर्जातली आधारची चौकट रिकामी सोडली की पुढचं पान उघडत नाही, म्हणून त्या अडतात. अशा वेळी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार लेखी मागा. लेखी नकार मागितल्यावर तीनपैकी दोन वेळा प्रवेश होऊन जातो, असा माझा अनुभव. मात्र परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळवण्याची जबाबदारी नव्या कायद्याने शिक्षणसंस्थांवरही टाकली आहे, तेव्हा आईवडिलांनी आपले कागद सरळ करायला आधीच लागावं.

चौदा वर्षांनंतर गोष्ट अवघड होते. शिष्यवृत्ती, राखीव जागा, व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या राज्याच्या जागा यांना नागरिकत्व किंवा रहिवास लागतो. दहावीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलगी बारावीनंतर 'परदेशी विद्यार्थी' या रांगेत उभी राहते आणि तिथली फी ऐकून घरी येते.

७. आमच्या हॉटेलातला स्वयंपाकी नेपाळी आहे, बायको काणकोणची. त्यांच्या बाळाचं काय?

बाळ भारतीय. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला भारतात यायला-राहायला पासपोर्ट किंवा व्हिसा लागत नाही, म्हणून तो परदेशी असला तरी 'बेकायदा स्थलांतरित' नाही. एक पालक भारतीय, दुसरा बेकायदा नाही, कलम ३ ची अट पूर्ण. भूतानच्या नागरिकालाही असंच. नवरा-बायको दोघे नेपाळी असतील तर मात्र मूल नेपाळी, मग ते मडगावात जन्मलेलं असो.

८. सून रशियन आहे. नातवाचा जन्म झाला तेव्हा तिचा व्हिसा संपलेला होता. मुलगा तर गोंयकार! नातू भारतीय कसा नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर द्यायला सगळ्यात जड जातं.

नातू ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मला असेल तर त्याच्या जन्माच्या क्षणी आईची स्थिती काय होती, हेच बघतात. व्हिसा चालू होता, तर नातू जन्माने भारतीय. त्याच बाईचा व्हिसा त्या दिवशी संपलेला होता, तर नाही. बापाची सात पिढ्यांची कुळकथा, घराण्याचं देऊळ, कोमुनिदादीतला (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेतला) हक्क, काही कामाला येत नाही. नंतर लग्न रजिस्टर केलं, दंड भरून व्हिसा नियमित केला, तरी जन्माच्या दिवशीची स्थिती मागे जाऊन बदलत नाही.

पण दार पूर्ण बंद नाही. पहिली वाट ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाची, कारण आई किंवा वडील भारतीय असलेलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल त्यासाठी पात्र असतं. त्यासाठी आधी मुलाच्या हातात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हवा, म्हणजे रशियन वकिलातीत नोंद आली. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण राहता येतं, शिकता येतं.

दुसरी वाट कलम ५ च्या पोटकलम ४ ची. 'विशेष परिस्थिती' असेल तर केंद्र सरकार कुठल्याही अज्ञान मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, उत्तर गोव्यासाठी पणजी आणि दक्षिण गोव्यासाठी मडगाव. निर्णय दिल्लीत होतो आणि मुदतीत होईलच असं नाही.

यात एक कायदेशीर गुंता आहे. कलम ५ खाली बेकायदा स्थलांतरिताची नोंदणी होत नाही. पण जे मूल इथेच जन्मलं ते 'शिरलं' कधी? व्याख्येत तर शिरण्याचीच अट आहे. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मुलीबाबत हाच मुद्दा मान्य केला. तिचे आईवडील परदेशी नागरिक झालेले होते, ती भारतात जन्मलेली होती, तेव्हा तिला बेकायदा स्थलांतरित म्हणता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. केंद्राने त्यावर अपील केलं, त्यामुळे तो निकाल सरसकट सगळीकडे दाखवता येईल असं धरून चालू नका. युक्तिवाद मात्र माझ्या मते पक्का आहे. सीमा ओलांडायला आधी सीमेपलीकडे असावं लागतं.

९. आई भारतीय आहे, बापाचा पत्ता नाही किंवा त्याचं नाव तिला द्यायचं नाही. तेव्हा?

कलम ३ दोघांबद्दल बोलतं आणि बाप माहीत नसेल तर काय, यावर गप्प बसतं. जन्मनोंद एकट्या आईच्या नावाने होते आणि पासपोर्टच्या अर्जातही एकाच पालकाचं नाव चालतं. बाप अमुक परदेशी होता आणि त्याचे कागद संपले होते, असं कुणी दाखवलं तरच वाद उभा राहतो. टाकून दिलेलं, आईवडील अज्ञात असलेलं मूल सापडलं तर ते बालकल्याण समितीपुढे जातं. तिथून पुढचा मार्ग बालन्याय कायद्याचा.

१०. हणजूणला हिप्पींच्या काळात जन्मलेली मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांचं काय?

हे लोकांना खरं वाटत नाही, पण त्यातली बरीच कायद्याने जन्मतः भारतीय आहेत. १९७५ मध्ये हणजूणच्या भाड्याच्या घरात जर्मन बाई आणि अमेरिकन बाप्या यांना झालेलं मूल, दोघांचे पासपोर्ट विकून खाल्लेले असले तरी, पहिल्या खणात बसतं (प्रश्न १). तिबेटी बाजारातल्या त्या वयाच्या विक्रेत्यांनाही हेच लागू. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये भारतात जन्मलेल्या एका तिबेटी मुलीला याच तारखेच्या आधारे नागरिक ठरवलं.

अट एकच, पण मोठी. पुढे त्या व्यक्तीने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला असेल तर प्रश्न १४ मधला नियम आडवा येतो. आणि हिप्पींच्या मुलांनी तो घेतलेला असतोच, नाहीतर ती परत जाणार कशी?

११. आईवडिलांना पकडलं तर मुलांना कुठे ठेवतात? त्यांनाही हाकलतात का?

मुलावर गुन्हा लागत नाही. आईला कोलवाळच्या तुरुंगात ठेवलं तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्यासोबत राहू शकतं, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिला आहे. मोठ्या मुलांना बालकल्याण समितीपुढे नेतात आणि गरज पडली तर मेरशीच्या 'अपना घर'सारख्या ठिकाणी ठेवतात. शिक्षा भोगून झाली, किंवा खटला न चालवता परत पाठवायचं ठरलं, की मोठ्यांची रवानगी म्हापशाच्या परदेशी नागरिकांसाठीच्या स्थानबद्धता केंद्रात होते. तिथला मुक्काम किती, हे वकिलातीकडून प्रवासाचे कागद कधी येतात त्यावर अवलंबून.

मूल भारतीय असेल तर त्याला कुणी देशाबाहेर घालवू शकत नाही. म्हणजे आई जाते आणि मूल बापाकडे राहतं. मूल परदेशी असेल तर ते आईबरोबर जातं, पण त्यासाठी त्याच्या नावाचा कागद लागतो. जुलै २०२५ मध्ये गोकर्णजवळच्या डोंगरातल्या गुहेत एक रशियन बाई दोन लहान मुलींसह सापडली, ते आठवत असेल. आई रशियन, बाप इस्रायली आणि गोव्यात असलेला. मुली भारतीय नव्हत्या. तरी विमानात बसवून मोकळं होता आलं नाही. कागद, मुलींचं हित, बापाचं म्हणणं हे सगळं कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं.

१२. सीएएखाली (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली) नागरिकत्व मिळालं तर मुलांनाही मिळतं का?

अर्जदाराच्या अज्ञान मुलांसाठी वेगळा अर्ज असतो, आपोआप मिळत नाही. कायदा २०१९ चा, नियम ११ मार्च २०२४ ला आले. पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांपुरतंच हे आहे. गोव्याचा याच्याशी काय संबंध, असं लोक विचारतात. संबंध कराचीचा. मुक्तीच्या आधी कराचीला गेलेली ख्रिस्ती कुटुंबं तिकडेच पाकिस्तानी झाली आणि म्हातारपणी काही जण गावी परतले. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका वृद्ध गोमंतकीयाला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते प्रमाणपत्र मिळालं. यादीत नसलेल्या धर्माच्या माणसाला, उदाहरणार्थ मुसलमानाला, ही वाट नाही. तो भेद योग्य आहे असं मला वाटत नाही, पण आजचा कायदा तसा आहे.

१३. वडील १९५५ चे, गोव्यात जन्मलेले. तेव्हा तर गोवा भारतात नव्हता. आमचं मूळच बेकायदा म्हणायचं का?

मुळीच नाही. २८ मार्च १९६२ ला गोवा, दमण आणि दीव (नागरिकत्व) आदेश निघाला. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो स्वतः इथे जन्मला, किंवा ज्याची आई, वडील, आजी, आजोबा यांपैकी कुणी इथे जन्मलं, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक. पोर्तुगीज राहायचं असेल तर महिन्याभरात लेखी जाहीर करायचं होतं. त्या काळचा तेओर (पोर्तुगीज जन्मनोंदीचा उतारा) किंवा चर्चमधली नोंद असेल तर ती जपून ठेवा, लॅमिनेट करू नका.

१४. लिस्बनला फक्त जन्मनोंद केली आहे, पासपोर्ट भारतीयच आहे. माझी मुलं भारतीय की पोर्तुगीज?

पोर्तुगालने गोव्याचं विलीनीकरण ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केलं, पण मुक्तीआधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना आपलं नागरिकत्व नोंदवण्याची वाट खुली ठेवली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. कलम ९ म्हणतं की जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतो त्याचं भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला असेल तर नियमांप्रमाणे तो निर्णायक पुरावा, पुढे वाद नाही. नुसती जन्मनोंद किंवा ओळखपत्र असेल तर वाद आहे, आणि तो ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पंचायतीला किंवा शेजाऱ्याच्या तक्रारीला नाही.

आता मुलांचं. तुमची नोंद होण्याआधी, दोघे भारतीय असताना मूल गोव्यात जन्मलं असेल तर ते जन्माने भारतीय, आणि कलम ९ च्या शब्दांत आईबापाच्या नागरिकत्वाबरोबर मुलाचंही संपतं असं कुठे नाही. मुलाचीही लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर गोष्ट वेगळी. तुमच्या नोंदीनंतर मूल जन्मलं असेल तर ते अशा घरात जन्मलं जिथे एक पालक कदाचित परदेशी आहे आणि कदाचित व्हिसाविना राहतोय. तो 'शिरला' नाही, जन्मापासून इथेच आहे, असा मुद्दा मांडता येतो (प्रश्न ८ मधला गुंता). पण त्या भरवशावर मुलाचं आयुष्य ठेवू नये.

'अठरा वर्षांचा झाला की तो परत भारतीय होईल' असं एजंट सांगतात. ती सवलत कलम ८ ची आहे. आईवडिलांनी रीतसर घोषणा करून नागरिकत्व सोडलं तरच मुलाला सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते परत मागता येतं. परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे ते आपोआप गेलं असेल तर ही सवलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. सासष्टीतली अर्धी घरं हे वाक्य ऐकून गप्प होतात.

१५. भाऊ कुवेतला आहे, त्याचा आकामा (तिथला निवास परवाना) संपलाय. तिथे झालेल्या मुलीला भारत घेईल का?

घेईल, पण नोंद करायला हवी. परदेशात जन्मलेल्या मुलासाठी आई किंवा वडील भारतीय असले की पुरतं, आणि त्या देशात त्यांचं राहणं कायदेशीर होतं का, हे कलम ४ विचारत नाही. अट अशी की जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत व्हावी आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं लिहून द्यावं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. खरी अडचण तिथल्या जन्मदाखल्याची. आखातात आईवडिलांचा निवास परवाना आणि लग्नाचा दाखला नसला की कागद अडतो. तरीही दूतावासात जावं. परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, आणि अडकलेल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे. अधूनमधून माफीची मुदत जाहीर होते, संयुक्त अरब अमिरातीने २०२४ मध्ये चार महिन्यांची दिली होती. अशा वेळी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायचं नाही.

१६. बहीण इंग्लंडात कागदाविना राहते. मुलगा तिथेच जन्मला. तो ब्रिटिश का?

जन्मतः नाही. ब्रिटनने १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्मावरचं नागरिकत्व बंद केलं. पण तिथे जन्मलेलं मूल पहिली दहा वर्षं तिथेच वाढलं, तर आईवडिलांचे कागद काहीही असोत, त्याला ब्रिटिश म्हणून नोंदवून घेण्याचा हक्क आहे. आपल्या कायद्यात अशी तरतूद नाही, आणि असावी असं मला वाटतं. दहा वर्षं म्हणजे शाळा, मित्र, बोलीभाषा, सगळं एका ठिकाणचं झालेलं असतं. तोपर्यंत त्याची भारतीय नोंद प्रश्न १५ प्रमाणे करता येते, मात्र नंतर ब्रिटिश झाल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल.

१७. अमेरिकेत तर जन्मलं की नागरिक, ना?

तिथल्या घटनेची चौदावी दुरुस्ती तसं म्हणते, आणि १८९८ पासून न्यायालयं तसाच अर्थ लावत आली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी बेकायदा आणि तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांच्या मुलांना यातून वगळणारा आदेश काढला आणि तो लगेच न्यायालयात गेला. तिकडे कुणी असेल तर तिथल्याच वकिलाला विचारा.

१८. माझ्या खोलीत परदेशी जोडपं राहतं, सोबत लहान मूल. मी काय करायला हवं?

परदेशी भाडेकरू आल्यावर २४ तासांत त्यांची माहिती (पूर्वीचा 'फॉर्म सी') ऑनलाइन भरायची. घर एका खोलीचं असलं तरी, ओळखीचे असले तरी. व्हिसा संपत आलाय असं दिसलं तर त्यांना परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करायला सांगा, मुदत संपण्याआधीचा अर्ज आणि नंतरचा अर्ज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलाचं लसीकरण किंवा शाळा बंद करायला लावणं हे तुमचं काम नाही. पासपोर्ट अडकवून भाडं वसूल करणं तर सरळ गुन्ह्यात जातं, आणि हे करणारे मी पाहिलेत.

१९. वकिलाचे पैसे नाहीत. कुठे जायचं?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे बायका आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा न्यायालयांत त्याची कार्यालयं आहेत. मूल एकटं असेल तर थेट बालकल्याण समितीकडे. सरकारी निर्णयाविरुद्ध जायचं तर पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात.

येताना मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांचे जुने-नवे सगळे पासपोर्ट, शिक्के असलेली पानं, लग्नाचा दाखला आणि प्रत्येक व्हिसाची सुरुवात-शेवट लिहिलेला एक साधा कागद आणा. तो शेवटचा कागद बहुतेक जण आणत नाहीत, आणि पहिली भेट त्या तारखा जुळवण्यातच जाते.